कार्ड मशीन घेताना: दर, रात्रीचा ताळा आणि परत मागितले जाणारे पैसे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दुकान लहान आहे, आजवर रोखीवर चाललं. आता गिऱ्हाईक कार्ड पुढे करतं आणि नाही म्हटलं की काही जण काढलेला माल तसाच ठेवून निघून जातात. तीन कंपन्यांनी तीन वेगळे दर सांगितलेत. सगळ्यात कमी दर सांगणारी घ्यावी का, मशीन विकत घ्यावं की भाड्यानं, आणि फसवणुकीची भीती कितपत बाळगावी, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

आधी काही वर्षं मी स्वतः गल्ल्यावर बसलो, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं लहान दुकानदारांचे कार्डाचे हिशेब लावून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की दराची चर्चा जेवढी होते तेवढं नुकसान दरानं होत नाही. नुकसान होतं ते कार्डवरची विक्री रोख समजल्यामुळे. ती रोख नसते, ती उधारी असते. ही उधारी गिऱ्हाइकाकडे नसून बँकेकडे असते, एक-दोन दिवसांत वसूल होते, वटाव कापून हातात येते, आणि वसूल झाल्यावरही काही महिने कुणी ती परत मागू शकतं. रोजकीर्दीत 'कार्ड येणे' असं वेगळं खातं आजच उघडा. विक्री झाली की त्या खात्याला नावे टाका, बँकेत रक्कम आली की जमा करा, कापलेलं कमिशन खर्चात दाखवा. एवढी सवय लागली तर पुढचं बरंचसं आपोआप सोपं होतं.

मशीनमध्ये कार्ड घातल्यावर काय होतं ते बघू. मशीन तुमच्या बँकेला विचारतं, ती व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या जाळ्याला विचारते, जाळं गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेला विचारतं, आणि उत्तर त्याच वाटेनं परत येतं. दोन-तीन सेकंदांचा खेळ. 'मंजूर' असं दिसलं म्हणजे पैसे आले असं नाही. समोरच्या बँकेनं तेवढी रक्कम तुमच्यासाठी बाजूला धरून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. दिवसाअखेर मशीन सगळे व्यवहार एकत्र करून पाठवतं, त्याला बॅच बंद करणं किंवा सेटलमेंट म्हणतात, आणि त्यानंतर पैशांचा प्रवास सुरू होतो. मध्ये सुट्टी आली तर आणखी एखादा दिवस जातो.

एका दुकानात चार दिवस खात्यात छदाम आला नव्हता. मालक घाबरून गेले होते, कंपनीनं पैसे अडकवले असं त्यांना वाटत होतं. मी मशीन हातात घेतलं, तर बॅचमध्ये चार दिवसांचे व्यवहार तसेच पडून. ते मशीन मध्यरात्री आपोआप बॅच बंद करायचं, आणि हे गृहस्थ रात्री दुकान वाढवताना मुख्य बटणच बंद करून जायचे. मशीनला ती वेळ कधी मिळालीच नाही. धरून ठेवलेली रक्कम कायम धरलेली राहत नाही, मुदत संपली की समोरची बँक ती सोडून देते, म्हणून हा प्रकार वेळेत सापडला हे बरं झालं. बॅच आपोआप बंद होते की हातानं करावी लागते, हे मशीन बसवायला आलेल्या माणसालाच विचारून घ्या आणि दुकान बंद करण्याआधी ती बंद झाल्याची स्लिप बघा.

व्यवहार नाकारला गेला तर बरीच मशीनं दोन आकडी कोड दाखवतात. ५१ म्हणजे पुरेशी रक्कम नाही, ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली, ५५ म्हणजे पिन चुकला, ९१ म्हणजे समोरची बँक उत्तर देत नाही. ०५ मध्ये बँक फक्त नकार देते, कारण सांगत नाही. ४१ आणि ४३ हे हरवलेल्या आणि चोरीच्या कार्डाचे. हे गल्ल्याशी कागदावर लिहून ठेवा, पण गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवू नका. "बँकेकडून होत नाहीये, दुसरं कार्ड आहे का?" एवढं हळू आवाजात म्हणावं. रांगेत उभ्या माणसाला सगळ्यांसमोर पैसे नाहीत असं ऐकवलं तर ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि यावं तरी का? तेच कार्ड पुन्हा पुन्हा लावूही नका. ९१ असेल तर थोड्या वेळानं एकदा बघायला हरकत नाही.

आता दर. कंपनी जो टक्का सांगते त्यात तीन वाटेकरी असतात. मोठा वाटा सहसा कार्ड देणाऱ्या बँकेचा, त्याला इंटरचेंज म्हणतात. दुसरा छोटा वाटा जाळ्याचा. तिसरा तुम्हाला सेवा देणाऱ्या कंपनीचा किंवा बँकेचा. पहिले दोन तुमच्या हातात नाहीत आणि तुमच्या कंपनीच्याही नाहीत, घासाघीस फक्त तिसऱ्यावर चालते. इंटरचेंज किती असावं यावर काही ठिकाणी सरकारनं मर्यादा घातली आहे. युरोपीय संघानं २०१५ च्या नियमानं सर्वसाधारण डेबिट कार्डाला ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डाला ०.३ टक्के ही कमाल ठरवली. जिथं अशी मर्यादा नाही तिथं क्रेडिट कार्डाचा वाटा याच्या कितीतरी पट असू शकतो. भरपूर पॉइंट देणारी भारी कार्डं, व्यवसायाच्या नावावरची कार्डं आणि परदेशी कार्डं साध्या कार्डापेक्षा महाग पडतात. गिऱ्हाइकाला मिळणाऱ्या पॉइंटांचा खर्च बऱ्याच अंशी याच पैशांतून निघतो. म्हणून "आमचा दर अमुक टक्क्यांपासून" असं कुणी म्हटलं की तो दर कुठल्या कार्डाला आणि बाकीच्यांना किती, हे लेखी मागा.

तुमच्या तीन दरांपैकी सर्वात कमी टक्क्याच्या दरात प्रत्येक व्यवहारामागे ठराविक आकारही असेल, अशी मला दाट शंका आहे. हिशेब करून बघा. पहिली कंपनी १.५ टक्के आणि वर व्यवहारामागे ५ घेते, दुसरी सरळ २.५ टक्के घेते, असं धरू. चलन कुठलंही असो. २०० च्या बिलावर पहिलीला ३ आणि ५ मिळून ८ जातात, म्हणजे ४ टक्के. दुसरीला ५ जातात. २,००० च्या बिलावर पहिलीला ३५, दुसरीला ५०. ५०० च्या बिलाला दोघी सारख्याच, त्याखाली दुसरी स्वस्त आणि त्यावर पहिली. तेव्हा कंपनीला बोलावण्याआधी स्वतःची बिलं काढा आणि सरासरी बिल किती येतं ते बघा. हा आकडा हातात नसेल तर दरांची तुलना करताच येत नाही.

दुसरा हिशेब नफ्याचा. शंभराच्या विक्रीत तुम्हाला १२ सुटत असतील आणि २ कमिशनचे गेले, तर विक्रीचे २ टक्के गेले असं वाटतं, पण नफ्याचा सहावा हिस्सा गेला. मालावर ४० सुटणाऱ्याला तेच २ जाणवतही नाहीत. त्यामुळे शेजारच्या दुकानदाराला परवडलं म्हणून तुम्हालाही परवडेलच असं नाही. मात्र याची दुसरी बाजूही मोजा. कार्ड नाही म्हणून जे गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं, त्याच्या मालावर सुटणारे १२ च्या १२ गेले.

टक्क्याखेरीज मशीनचं भाडं, महिन्याचं किमान बिल, सुरक्षा नियमांच्या नावाखाली वार्षिक आकार, चार्जबॅकचा (म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून बँकेनं पैसे परत घेण्याचा) आकार आणि करार मधेच सोडल्याचा दंड, हे सगळं करारात कुठंतरी असतं. मी एकच आकडा मानतो. महिनाभरात कुठल्याही नावानं कापलेली एकूण रक्कम भागिले त्या महिन्याची कार्डावरची विक्री. दर महिन्याला हा आकडा वहीच्या एका पानावर खाली खाली लिहीत जा. सुरुवातीला कार्डाची विक्री थोडी असेल, तेव्हा महिन्याचा आकार नसलेला सरळ एकदर घ्या, टक्का थोडा जास्त असला तरी चालेल. विक्री वाढून स्थिर झाली की इंटरचेंज वेगळं दाखवून त्यावर स्वतःचा वाटा लावणारी पद्धत मागा. तिच्यात कोण किती घेतं ते उघड दिसतं.

कमिशन गिऱ्हाइकावर टाकावं का, हेही पुढे मनात येईलच. याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. युरोपीय संघात जानेवारी २०१८ पासून ग्राहकांच्या सर्वसाधारण कार्डांवर वेगळा आकार लावायला बंदी आहे, इतरत्र काही ठिकाणी मर्यादेत मुभा आहे. तुमच्याकडचा नियम आणि करारातलं कलम दोन्ही वाचा. मुभा असली तरी मी गल्ल्यावर ऐनवेळी टक्का वाढवून सांगण्याच्या विरुद्ध आहे. लावलेली किंमत आणि मागितलेली किंमत वेगळी निघाली की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. खर्च किमतीतच धरावा.

मशीन शक्यतो विकत घ्या, किंवा कधीही परत करता येईल अशा भाड्यानं. काही ठिकाणी मशीनच्या भाड्याचा करार तिसऱ्याच कंपनीशी असतो, काही वर्षांचा आणि न सोडता येणारा. दुकान बंद झालं तरी भाडं चालूच राहिलेलं मी पाहिलं आहे. चिप आणि टॅप दोन्ही चालणारं, आणि वायफाय गेलं तर सिमवर चालणारं मशीन असावं. बाकी रंगीत पडदा वगैरे हौस आहे.

चिप का, तर जुन्या काळ्या पट्टीवरची माहिती कायम तीच असते. ती एकदा कुणी उतरवून घेतली की दुसरं कार्ड बनवता येतं. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवी गुप्त खूण तयार करते, आधीची चोरून उपयोग नाही. म्हणूनच जबाबदारीचा नियमही तसा बदलत गेला. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून, चिपचं कार्ड असूनही दुकानदाराकडे चिपचं मशीन नसेल तर बनावट कार्डाचा तोटा दुकानदाराच्या बाजूला येतो. चिप वाचली जात नाही म्हणून कुणी कार्डाचा नंबर हातानं टाकायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. असा व्यवहार महागही पडतो आणि वाद झाला तर तुमच्या बाजूनं दाखवायला काहीच उरत नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी एवढं लांबलचक लिहायला बसलो ती. चार्जबॅक. गिऱ्हाईक आपल्या बँकेला सांगतं की हा व्यवहार मी केलाच नाही, किंवा माल मिळाला नाही, किंवा परत केला तरी पैसे मिळाले नाहीत. बँक ती रक्कम तुमच्या खात्यातून परत घेते आणि मग तुम्हाला विचारते, तुमचं म्हणणं काय. व्हिसाच्या नियमात बहुतेक तक्रारींना १२० दिवसांची मुदत असते, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांपूर्वीची विक्री आज तुमच्या दारात उभी राहू शकते. उत्तर द्यायला तुम्हाला मिळतात ते मोजके दिवस. ती मुदत चुकली की बरोबर असूनही हरता.

मी पाहिलेल्या कितीतरी तक्रारींत लबाडी नव्हती, फक्त नाव ओळखू आलं नव्हतं. भेटवस्तूंचं दुकान चालवणारं एक जोडपं होतं. दुकानाच्या पाटीवर एक नाव, आणि कार्डाचं खातं वडिलांच्या जुन्या फर्मच्या नावावर काढलेलं. गिऱ्हाइकांच्या स्टेटमेंटवर त्या फर्मचं नाव यायचं, तेही अर्धवट तुटलेलं. महिन्यानं स्टेटमेंट बघणाऱ्या माणसाला ते कसं कळणार? तीन महिन्यांत नऊ तक्रारी आल्या, सगळ्या खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकांच्या. दोघंही रडकुंडीला आले होते. कंपनीला अर्ज करून स्टेटमेंटवरचं नाव पाटीसारखं करून घेतलं, बिलाच्या तळाशी "तुमच्या स्टेटमेंटवर हे नाव दिसेल" अशी ओळ छापली, आणि तक्रारी थांबल्या.

दुसरी गोष्ट कागदाची. एका तक्रारीला उत्तर द्यायचं होतं. दुकानदारानं स्लिप जपून ठेवली होती, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात, खिडकीशेजारच्या कप्प्यात. पाकीट उघडून मी ती उजेडात धरली तर कागद कोरा. कडेला तपकिरी पुसट रेघ तेवढी उरली होती. या स्लिपांना शाई नसते, कागदावरचा रासायनिक थर उष्णतेनं काळा होतो, आणि ऊन, उष्णता व काही प्रकारचं प्लॅस्टिक यांनी तीच अक्षरं उडून जातात. माणूस अगदी सचोटीचा, व्यवहार खरा, आणि पैसे गेले. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो, रोज रात्री स्लिपांचा फोटो काढा किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून दिवसाची यादी उतरवून ठेवा. निदान दीड वर्ष ठेवा. शिवाय नुसती स्लिप पुरत नाही, कारण तिच्यावर रक्कम असते पण माल कुठला दिला ते नसतं. त्याच नंबरानं जोडलेलं, वस्तूंची नावं असलेलं बिल हवं. माल परत घेण्याचे तुमचे नियम बिलावर छापलेले हवेत, आणि गिऱ्हाइकाला ते पैसे देण्याआधी दिसले पाहिजेत.

माल परत आला तर पैसे त्याच कार्डावर परत करा, रोख कधीच देऊ नका. कार्डावर विक्री, रोखीत परतावा, आणि पुढच्या महिन्यात त्याच विक्रीवर चार्जबॅक, ही जुनी चाल आहे. तुमचे पैसे दोनदा जातात. त्याच दिवशी, बॅच बंद व्हायच्या आत चूक लक्षात आली तर रिफंड न करता व्यवहार रद्द करा, म्हणजे व्हॉइड. व्हॉइड केलेली विक्री पुढे जातच नाही. रिफंड हा नवा उलटा व्यवहार असतो, आणि मूळ विक्रीवरचं कमिशन बऱ्याच कंपन्या परत देत नाहीत.

फोनवरून मोठी ऑर्डर आली, भावाची चर्चा नाही, दोन-तीन कार्डांचे नंबर ओळीनं दिले आणि "माझा माणूस माल न्यायला येईल, त्याची मजुरी तुम्हीच रोख द्या, तेवढी रक्कम कार्डावर जास्त घ्या" असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबा. कार्ड चोरीचं असतं, माल जातो, रोख जाते आणि शेवटी विक्रीची रक्कमही जाते. कितीही मंदीचे दिवस असोत, असली विक्री सोडून द्या.

मशीनच्या पाठीवरचा अनुक्रमांक वहीत लिहून ठेवा आणि सकाळी उघडताना एकदा ताडून बघा, फट पडली आहे का, वर काही चिकटवलंय का तेही. तसंच दिसणारं दुसरं मशीन ठेवून तुमचं उचलून नेणं अवघड नाही. दुरुस्तीला आलो म्हणणाऱ्याच्या हातात कंपनीला स्वतः फोन केल्याशिवाय मशीन देऊ नका. कार्डाचा पूर्ण नंबर वहीत, चिठ्ठीवर किंवा मोबाइलवर लिहून ठेवू नका. कार्डाच्या पाठीवर वेगळे छापलेले तीन आकडे तर व्यवहार मंजूर झाल्यावर कुठंही साठवायला पीसीआय या सुरक्षा नियमांत सरळ मनाई आहे.

आणि शेजारच्या दुकानदाराकडे मशीन नाही म्हणून त्याची विक्री आपल्या मशीनवर कधीही करू नका, मैत्री असली तरी. रोकड हवी म्हणून स्वतःचं कार्ड स्वतःच्या मशीनवर लावणंही तसंच. करारात दोन्हीला बंदी असते. खातं बंद झालं आणि नाव मास्टरकार्डच्या मॅच नावाच्या, खातं बंद केलेल्या दुकानदारांच्या यादीत गेलं तर ते तिथं पाच वर्षं राहतं, आणि तेवढा काळ दुसरी कुणी कंपनी खातं उघडून द्यायला सहजी तयार होत नाही.

रात्रीचा ताळा कसा घ्यायचा ते सांगतो, दहा मिनिटांचं काम आहे. बिलबुकातली कार्डाची बेरीज आणि मशीनच्या बॅच स्लिपवरची बेरीज शेजारी लिहा. त्या जुळल्याच पाहिजेत. नाही जुळल्या तर गिऱ्हाईक अजून आठवणीत आहे तोवर शोधा. बहुतेक वेळा एक शून्य जास्त पडलेलं असतं, किंवा मधेच लाईन गेली म्हणून तोच व्यवहार दोनदा झालेला असतो. दोनदा झाला असेल तर गिऱ्हाइकानं विचारण्याआधी तुम्हीच रद्द करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बँकेत आलेली रक्कम अधिक कमिशन त्या बॅचएवढं होतंय का ते बघून 'कार्ड येणे' खात्यात खूण करा. खूण न झालेली ओळ आठवडाभर राहिली तर कंपनीला बॅच नंबरासह लेखी कळवा.

पहिल्या दिवशी पहिल्या ओळखीच्या गिऱ्हाइकानं कार्ड लावलं की त्याला विनंती करा, बँकेचा मेसेज आला की दुकानाचं नाव काय दिसतंय ते दाखवा. पाटीवरचं नाव आणि ते नाव वेगळं निघालं तर त्याच दुपारी कंपनीला फोन करा.